अल्ब्युमिन कमी, म्हणजे नेमके काय कमी?

कराड, मिरज, सांगली किंवा साताऱ्याच्या रुग्णालयात आठवडाभर काढून घरी परतणाऱ्या रुग्णाच्या फाइलमध्ये यकृताच्या तपासणीचा कागद हमखास असतो. बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी यांच्या खाली कुठेतरी ‘अल्ब्युमिन’ अशी ओळ, तिच्यासमोर २.६ असा आकडा, आणि शेवटच्या रकान्यात छापलेली ३.५ ते ५.० ग्रॅमची मर्यादा. आकडा ठळक टाइपात असतो, म्हणजे तो कमी आहे हे चष्मा न लावताही कळते. मग घरच्यांना जे सांगितले जाते तेही ठरलेले आहे: अंगातली प्रथिने उतरली आहेत, खाणे कमी पडते आहे, अंडी द्या, प्रोटीन पावडरचा डबा आणा. या सल्ल्यात वाईट हेतू नसतो, आणि अंडी खाल्ल्याने बहुतेकांचे काही बिघडतही नाही. बिघडते ते अनुमान. रक्तातल्या अल्ब्युमिनचा आकडा माणूस किती आजारी आहे याविषयी पुष्कळ सांगतो, तो काय आणि किती जेवतो याविषयी फारच थोडे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत एका बाजूला कृष्णाकाठचा ऊस आणि दुसऱ्या बाजूला माण, खटाव, जत, आटपाडीचा दुष्काळी पट्टा आहे. इथे आजारी माणूस आणि अर्धपोटी माणूस बऱ्याचदा एकच असतो, पण नेहमी नाही. अशा ठिकाणी पोषणाचा निवाडा या एका आकड्यावर सोपवला, तर फसगत दोन्ही बाजूंनी होते. जो उपाशी नाही तो उपाशी ठरतो, आणि जो खरोखर उपाशी आहे तो कागदावर ठणठणीत दिसतो.

हे असे का होते ते समजायचे तर अल्ब्युमिनचा शरीरातला व्यवहार पाहावा लागतो. ते यकृतात तयार होते. निरोगी प्रौढात रोज साधारण दहा ते पंधरा ग्रॅम. शरीरातल्या एकूण साठ्यापैकी निम्म्याहून कमी भाग रक्तवाहिन्यांत असतो, उरलेला पेशींच्या आसपासच्या द्रवात, त्वचेत, स्नायूंत. रक्तवाहिन्यांतले अल्ब्युमिन दर तासाला सुमारे पाच टक्के या वेगाने बाहेर झिरपत असते आणि लसिकावाहिन्यांतून परत येत असते. त्याचा अर्धायुकाल वीस दिवसांच्या आसपास आहे. आता प्रयोगशाळा मोजते काय, तर फक्त रक्तातली पातळी. विहिरीतले पाणी खाली गेले तर पाऊस कमी झाला असेल, शेजारच्या बोअरने ओढून घेतले असेल किंवा कुणी पंप चालू ठेवला असेल. पातळी मोजून यातले काय झाले ते कळत नाही. अल्ब्युमिनचेही तसेच. यकृताने कमी बनवले, मूत्रपिंडातून गळून गेले, जळालेल्या त्वचेतून वाहून गेले, सलाईनमुळे पातळ झाले, किंवा रक्तवाहिन्या सैल होऊन ते बाजूच्या पेशीजालात निघून गेले, तरी कागदावर आकडा एकच येतो. गरोदरपणात रक्तातला द्रवभाग वाढतो म्हणून निरोगी बाईचेही अल्ब्युमिन उतरते. तिसऱ्या तिमाहीत ते तीनच्या आसपास दिसले तर त्यात नवल नाही, आणि तेवढ्यावरून तिला ‘प्रोटीन कमी’ ठरवण्याचेही कारण नाही.

मग हा आकडा पोषणाचा मापक म्हणून प्रतिष्ठित झाला कसा? साल १९७४. अमेरिकेत बॉस्टनच्या बिस्ट्रियन, ब्लॅकबर्न आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या वॉर्डांतल्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली आणि मोठ्या शहरी रुग्णालयातले निम्मे रुग्ण कुपोषित असल्याचे दाखवले. त्यांच्या मोजमापांत दंडाचा घेर होता, कातडीखालची चरबी होती, आणि अल्ब्युमिनही होते. त्याच वर्षी बटरवर्थ यांनी रुग्णालयांतल्या उपासमारीवर एक खणखणीत लेख लिहिला. दोघांचा मूळ मुद्दा बरोबर होता: रुग्णालयात माणसे उपाशी राहतात आणि त्याकडे कुणी बघत नाही. पण पुढे काय झाले, तर दंडाला टेप लावायला कुणीतरी खाटेपाशी जावे लागते, आणि अल्ब्युमिन मात्र रक्ताच्या बाटलीतून आपोआप कागदावर येते. कष्टाचे मोजमाप मागे पडले, आयते पुढे गेले. वीस दिवसांचा अर्धायुकाल म्हणजे फार सुस्त मापक अशी तक्रार झाली तेव्हा चपळ पर्याय शोधला गेला, तो प्रीअल्ब्युमिनचा. याचा अर्धायुकाल दोन-तीन दिवसांचाच, आणि नेहमीची पातळी डेसिलिटरला साधारण २० ते ४० मिलिग्रॅम. विद्युतप्रवाहात रक्तद्रवातली प्रथिने पळवली की हे अल्ब्युमिनच्याही पुढे धावते. थायरॉक्सिन आणि अ-जीवनसत्त्व वाहून नेणे हे त्याचे काम. गंमत अशी की रक्तद्रवात त्याची पहिली नोंद १९४२ साली फ्लॉरेन्स सायबर्ट आणि नेल्सन यांनी केली ती क्षयरोग्यांच्या रक्ताचा अभ्यास करताना. म्हणजे पोषणाशी नाते जुळण्याच्या कितीतरी आधी या प्रथिनाची गाठ आजाराशी पडली होती. १९७० च्या दशकात इंजेनब्लिक यांनी सेनेगलमधल्या कुपोषित मुलांत ते घसरलेले दाखवले आणि ‘पोषणाची तपासणी’ म्हणून त्याचा बोलबाला झाला. त्या मुलांना भुकेबरोबर जंतुसंसर्गही होते, हा तपशील त्या उत्साहात बाजूला राहिला.

खरी कसोटी अशी हवी: माणूस निरोगी, पण अन्न कमी. असा प्रयोग मुद्दाम करणे आज कुणालाही परवडणार नाही, पण तो एकदा झाला आहे. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी युद्धाला नकार दिलेल्या ३६ तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी, रोज दीड हजारांच्या आसपास कॅलरी. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, बरगड्या दिसू लागल्या, पाय सुजले, स्वभाव चिडके झाले, स्वप्नातसुद्धा जेवण दिसू लागले. रक्तातली प्रथिने मात्र थोडीच खाली आली. पायांवर सूज असूनही ती अल्ब्युमिनच्या घसरणीतून समजावून सांगता येत नव्हती. स्वतःहून अन्न सोडणाऱ्या, ॲनोरेक्सिया नर्व्होसाच्या रुग्णांतही हेच दिसते. हाडांचा सापळा झालेली मुलगी आणि अल्ब्युमिन चारच्या वर, हा अनुभव त्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना नवा नाही. आजार नसताना केवळ अन्न घटवलेल्या माणसांवरचे असे सगळे अभ्यास गोळा करून २०१५ मध्ये एक पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की बीएमआय १२ च्या खाली जाईपर्यंत, किंवा सहा आठवड्यांहून अधिक उपासमार होईपर्यंत, अल्ब्युमिन आणि प्रीअल्ब्युमिन दोन्ही सर्वसाधारण मर्यादेत टिकून राहतात. शरीर यकृताचे उत्पादन घटवते तशी अल्ब्युमिनची मोडतोडही घटवते, आणि बाहेरचा साठा रक्तात ओढून घेते. स्नायू झिजवून पातळी राखली जाते.

याचा आपल्या भागाशी थेट संबंध आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानाने हडकुळी निघाली. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांतली साधारण दर पाचवी बाई १८.५ पेक्षा कमी बीएमआयची आहे. माण किंवा जतमधली अशी एखादी बाई, जिचा दिवस दोन भाकऱ्या, पातळ आमटी आणि चहावर निघतो, आरोग्य शिबिरात रक्त द्यायला रांगेत उभी राहिली, तर तिचे अल्ब्युमिन बहुधा ४.१ किंवा ४.२ येईल. कागद बघून तिला सांगितले जाईल, प्रोटीन उत्तम आहे, काळजी नको. हिमोग्लोबिनमुळे ती पकडली जाईल कदाचित, अल्ब्युमिनमुळे नाही. पोषण तपासायला काढलेली चाचणी जिथे उपासमार आहे तिथेच ‘सर्व ठीक’ म्हणते, हा या विषयातला मला सर्वांत गंभीर वाटणारा दोष आहे. आजारी माणसाला उगाच पावडर मिळणे हा त्यामानाने किरकोळ प्रकार.

आता दुसरी बाजू. अल्ब्युमिन पडते ते बहुतेक वेळा दाहामुळे: न्यूमोनिया, सेप्सिस, भाजणे, मोठी शस्त्रक्रिया, क्षय, कर्करोग. अशा वेळी इंटरल्युकिन-६ सारखी रसायने यकृताला हुकूम देतात की नेहमीचा माल थांबवा आणि आणीबाणीचा माल काढा. सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिन चढते, फायब्रिनोजेन चढते, फेरिटिन चढते. अल्ब्युमिन आणि प्रीअल्ब्युमिन उतरतात. त्यात भर म्हणजे रक्तवाहिन्यांची गळती. १९८५ मध्ये फ्लेक आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हृदयशस्त्रक्रियेनंतर काही तासांत अल्ब्युमिन बाहेर झिरपण्याचा वेग दुप्पट होतो आणि सेप्टिक शॉकमध्ये त्याहूनही वाढतो. यकृताने आळस केला म्हणून एका रात्रीत पातळी ३.८ वरून २.७ वर येऊ शकत नाही. वीस दिवसांच्या अर्धायुकालात ते गणित बसतच नाही. ते पाझरून जाते म्हणून येते. सकाळी शस्त्रक्रियेला गेलेला धडधाकट शेतकरी दुसऱ्या दिवशी सकाळी ‘कुपोषित’ झालेला नसतो, एवढी साधी गोष्ट लक्षात ठेवली तरी पुष्कळ गोंधळ टळेल. अमेरिकेतल्या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेने, ॲस्पेनने, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भूमिकापत्रात हे स्पष्ट शब्दांत नोंदवले: अल्ब्युमिन आणि प्रीअल्ब्युमिन ही दाहाची खूण आहे, पोषणाची नव्हे, आणि कुपोषणाच्या निदानासाठी ती वापरू नयेत.

प्रयोगशाळेतली बाजूही थोडी पाहायला हवी, कारण आकड्याभोवती जे वलय असते ते तिथे उतरते. आपल्याकडच्या बहुतेक लॅबमध्ये अल्ब्युमिन मोजण्यासाठी ब्रोमोक्रेसॉल ग्रीन नावाचा रंग वापरतात. आम्लधर्मी द्रावणात तो पिवळसर असतो. त्यात काही मायक्रोलिटर सीरम सोडले की अल्ब्युमिनला चिकटून हिरवा-निळा होतो, आणि रंग जितका गडद तितके अल्ब्युमिन जास्त असे यंत्र वाचते. पण हा रंग एकनिष्ठ नाही. अल्ब्युमिनला तो काही सेकंदांत चिकटतो, नंतरच्या काही मिनिटांत हळूहळू ग्लोब्युलिनांनाही धरतो. दाह असलेल्या रुग्णात ग्लोब्युलिने वाढलेली असतात, म्हणून नेमक्या त्याच रुग्णात आकडा खोटा वर जातो. ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा दुसरा रंग अधिक काटेकोर आहे, पण मूत्रपिंड निकामी झालेल्यांत तो कमी वाचू शकतो. दोन रंगांतला फरक डेसिलिटरला अर्ध्या ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे तालुक्याच्या लॅबमध्ये ३.४ आणि शहरातल्या रुग्णालयात २.९ आले तर मधल्या चार दिवसांत काही घडलेच असेल असे नाही. रंग बदलला असेल. रुग्ण बसून रक्त देतो की आडवा पडून, दंडाला पट्टा किती वेळ बांधून ठेवला, यानेही आकडा हलतो. प्रीअल्ब्युमिनचे मोजमाप वेगळे: त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे सीरममध्ये मिसळून किती गढूळपणा येतो ते पाहतात. तंत्र चांगले आहे, पण महाग. लहान गावातल्या लॅबला ते ठेवणे परवडत नाही, नमुना पुण्या-मुंबईला पाठवावा लागतो, आणि रिपोर्ट येईपर्यंत दोन दिवसांच्या अर्धायुकालाचा फायदा रस्त्यातच संपून जातो. शिवाय मूत्रपिंड निकामी असेल किंवा स्टिरॉइड चालू असतील तर प्रीअल्ब्युमिन खोटे वर राहते.

या गोंधळाच्या मुळाशी प्रथिनांविषयीचे एक जुने आकर्षण आहे, आणि त्याला पहिला मोठा छेद देणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातलाच माणूस होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ साली साताऱ्यातल्या बुध या गावी झाला. पुढे ते रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. त्या काळात, १९५० आणि ६० च्या दशकांत, जगातली उपासमार म्हणजे मुख्यतः प्रथिनांची टंचाई असे मानले जात होते. संयुक्त राष्ट्रांत ‘प्रथिनांचे संकट’ हा शब्दप्रयोग रूढ झाला होता, मासळीची भुकटी आणि तेलबियांच्या पेंडीतून प्रथिने काढण्याच्या योजना आखल्या जात होत्या. सुखात्म्यांनी भारतातल्या आहारपाहण्यांचे आकडे मांडून दाखवले की ज्यांच्या ताटात प्रथिने कमी पडतात त्यांच्या ताटात बहुतेक वेळा एकूण अन्नच कमी असते. ज्वारी-बाजरी-डाळीचे नेहमीचे जेवण पोटभर मिळाले तर प्रथिनांची गरज बहुतेकांत आपोआप भागते. ते पोटभर मिळाले नाही तर खाल्लेली प्रथिनेही शरीर सरपण म्हणून जाळते. १९७४ मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या सगळ्या प्रथिन-मोहिमेची फजिती मांडली, तेव्हा सुखात्म्यांचा युक्तिवाद चार वर्षे जुना झाला होता. शरीर कमी अन्नाशी किती जुळवून घेते याबद्दलचे त्यांचे पुढचे म्हणणे मात्र वादग्रस्त ठरले. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे वि. म. दांडेकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर कठोर टीका केली, आणि मला ती टीका पटते. शरीर जुळवून घेते हे खरे, पण ते कशाच्या बदल्यात, हा प्रश्न सुखात्म्यांनी हलका करून टाकला. तरी पहिला मुद्दा टिकून आहे. भूक मोजायची तर एकटे प्रथिन मोजून भागत नाही. आणि जुळवून घेण्याची ती क्षमताच अल्ब्युमिनला भुकेच्या काळात निरुपयोगी मापक बनवते, हे त्या वादातून निघणारे एक अनपेक्षित अनुमान आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो बालरोगतज्ज्ञांकडून. क्वाशिओरकर झालेल्या मुलाचे काय? पाय, चेहरा सुजलेला, केस भुरे, कातडी सोललेली, आणि अल्ब्युमिन दोनच्या खाली. इथे तर अन्न, प्रथिन आणि अल्ब्युमिन यांची सरळ साखळी दिसते. सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात आफ्रिकेच्या गोल्ड कोस्टमधून या आजाराचे वर्णन केले तेव्हापासून ती साखळी पाठ्यपुस्तकांत आहे. पण ती तपासली गेली तेव्हा टिकली नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे सी. गोपालन यांनी १९६८ मध्ये नोंदवले की ज्या मुलांना क्वाशिओरकर होतो आणि ज्यांना सुकवा होतो त्यांच्या आहारातल्या प्रथिनांत म्हणण्यासारखा फरक आढळत नाही. १९८० च्या सुमारास जमैकात मायकेल गोल्डन यांनी पाहिले की प्रथिने बेताचीच ठेवूनही या मुलांची सूज उतरते, आणि ती उतरते तेव्हा अल्ब्युमिन अजून वर आलेले नसते. आज तीव्र कुपोषित मुलांना सुरुवातीच्या दिवसांत जे एफ-७५ दूध देतात त्यात १०० मिलिलिटरमागे प्रथिन एक ग्रॅमही नसते. ते मुद्दाम तसे ठेवलेले असते, कारण त्या अवस्थेत जास्त प्रथिन यकृताला झेपत नाही. अल्ब्युमिन पडलेल्या, सुजलेल्या मुलाला आधी प्रथिने भरा हा सरळ दिसणारा उपाय मुलाचा जीव घेऊ शकतो, हे शिकायला वैद्यकाला बरीच वर्षे आणि बरीच मुले लागली.

दुसरा आक्षेप शल्यविशारदांचा, आणि तो वजनदार आहे. अल्ब्युमिन कमी असलेल्यांत गुंतागुंती आणि मृत्यू जास्त होतात, हे नाकारता येत नाही. अमेरिकेच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या ५४ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा अभ्यास १९९९ मध्ये आला. त्यात शस्त्रक्रियेपूर्वीचे अल्ब्युमिन ४.६ च्या वर असताना महिन्याभरातला मृत्युदर एक टक्क्याहून कमी होता, २.१ च्या खाली तो २९ टक्के. दुसरा कुठलाही एकटा घटक इतका ठळक निघाला नाही. डायलिसिसवरच्या रुग्णांतही अल्ब्युमिन आणि मृत्यू यांचे नाते १९९० पासून पुन्हा पुन्हा दिसले आहे. मिरजेच्या किंवा कराडच्या शस्त्रक्रियागृहात जाण्यापूर्वी अल्ब्युमिन पाहणे म्हणूनच शहाणपणाचे आहे, आणि ते पाहू नये असे माझे म्हणणे नाही. पण धोका सांगणे आणि धोक्याचे कारण सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २.१ अल्ब्युमिनच्या रुग्णाला आठ दिवस पावडर पाजून ते ३.० वर आणले, आणि आतला गळू, पू किंवा गाठ तशीच राहिली, तर धोका कमी होत नाही. मुळात अल्ब्युमिनही वर येत नाही. उलट पू काढला, प्रतिजैविक लागू पडले, की जेवण तेच असताना आकडा चढू लागतो. ‘खाल्लेले अंगाला लागत नाही’ अशी तक्रार घरोघरी ऐकू येते, आणि दाह असताना ती शब्दशः खरी असते.

तिसरा आक्षेप प्रीअल्ब्युमिनच्या बाजूने: एक आकडा नव्हे, कल बघा, नळीतून अन्न सुरू केल्यावर आठवड्यात प्रीअल्ब्युमिन चढले तर अन्न पुरते आहे असे समजा. ऐकायला हे पटते. पण त्याच आठवड्यात ताप उतरलेला असतो, सीआरपी १८० वरून ४० वर आलेली असते, आणि प्रीअल्ब्युमिन चढायला तेवढे पुरते. सीआरपी सोबत न बघता काढलेल्या या चढाचे श्रेय आहाराला द्यावे की औषधाला, ते ठरवता येत नाही. सीआरपी सोबत काढली तरी दोन महाग चाचण्यांनी मिळते ते उत्तर बहुतेक वेळा वजनकाट्याने आणि ताट परत किती आले ते पाहून मिळते.

‘मग आम्ही करायचे काय, आमच्याकडे दुसरे साधन कुठे आहे?’ हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर आपल्या अंगणवाड्यांत तीन रंगांच्या पट्टीच्या रूपाने कधीचे लटकलेले आहे. खांद्याचे टोक आणि कोपर यांच्या मध्यावर, हात सैल सोडून, पट्टी कातडीला टेकेल पण रुतणार नाही अशी गुंडाळायची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे लाल पट्ट्यात, आला तर मूल ‘सॅम’मध्ये, म्हणजे तीव्र कुपोषितांत. दोन्ही पायांवर अंगठा दाबून खळगा राहतो का ते पाहायचे. राहिला तर घेर कितीही असो, मूल सॅममध्येच. जागतिक आरोग्य संघटनेच्या या निकषांत रक्ताची एकही चाचणी नाही, आणि त्यांच्यावर लाखो मुलांचे उपचार उभे आहेत. प्रौढांसाठी २०१९ मध्ये ग्लिम या नावाने जागतिक पोषण-संस्थांनी एकत्र येऊन निकष ठरवले: सहा महिन्यांत पाच टक्क्यांहून अधिक वजनघट, कमी बीएमआय, स्नायूंची झीज यांपैकी एक, आणि त्याच्या जोडीला खाणे घटणे किंवा आजार-दाह यांपैकी एक. अल्ब्युमिन त्यातही नाही. अडचण अशी की वजनघट कळायला आधीचे वजन माहीत हवे. बीड-धाराशिवकडून गळीत हंगामात कृष्णाकाठच्या कारखान्यांवर येणाऱ्या ऊसतोड मजुराला त्याचे दिवाळीतले वजन विचारून उत्तर मिळत नाही. तिथे कंबरेचा करदोटा, सैल झालेल्या बांगड्या, पूर्वी बसणारा आणि आता लोंबणारा शर्ट विचारावा लागतो. पोटरीचा आणि दंडाचा घेर मोजावा लागतो. टोरांटोच्या डेट्स्की यांनी १९८७ मध्ये मांडलेली पद्धत याहून फार वेगळी नाही: रुग्णाला चार प्रश्न विचारा, खांदा, बरगड्या, मांड्या नीट पाहा, आणि मत द्या. तिला व्यक्तिनिष्ठ म्हणून हिणवले जाते. पण दोन अनुभवी माणसांची मते जितकी जुळतात तितके दोन रंगांचे अल्ब्युमिन पुष्कळदा जुळत नाही.

क्षयरोगाचे उदाहरण इथे विशेष बोलके आहे. सांगली आणि मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी आहे, मिरजेच्या मिशन रुग्णालयाच्या डॉ. विल्यम वानलेस यांच्या नावाची; तिथल्या क्षयरोग आरोग्यधामात औषधे येण्यापूर्वी उपचार म्हणजे विश्रांती, हवा आणि अन्न एवढाच होता. औषधे आली आणि अन्न मागे पडले. २०२३ मध्ये झारखंडातल्या ‘रेशन्स’ या चाचणीचे निष्कर्ष आले. क्षयरोग्यांना आणि त्यांच्या घरच्यांना धान्य, डाळ, दूध भुकटी आणि तेल दिले गेले, आणि अन्न मिळालेल्या घरांतल्या इतरांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. रुग्णांमध्ये पहिल्या दोन महिन्यांत वजन पाच टक्क्यांनी वाढले तर मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. एवढा मोठा पुरावा उभा राहिला तो वजनाच्या काट्यावर. क्षयरोग्याचे अल्ब्युमिन कमी असतेच, पण ते कशामुळे याचे उत्तर देताना जंतू आणि भूक वेगळे काढता येत नाहीत. वजन मात्र वाढले तर ते पाहायला प्रयोगशाळेचे यंत्र लागत नाही.

एक बाब पैशाची. अल्ब्युमिनची वीस टक्क्यांची शंभर मिलिलिटरची बाटली काही हजार रुपयांना पडते. तिच्यात प्रथिन असते वीस ग्रॅम, म्हणजे तीन-साडेतीन अंड्यांइतके, किंवा पाऊण-एक वाटी तूरडाळीइतके. शिरेतून दिलेले अल्ब्युमिन अन्न म्हणून वापरायचे तर ते आधी मोडावे लागते, त्याला आठवडे लागतात, आणि मोडून मिळते ते अपुरे, कारण ५८५ अमिनो आम्लांच्या या रेणूत ट्रिप्टोफॅन फक्त एक आहे. जलोदरातून पाणी काढताना, किंवा सिरोसिसच्या काही ठरावीक गुंतागुंतींत, ही बाटली जीव वाचवते. पण अतिदक्षता विभागातल्या सुमारे सात हजार रुग्णांवर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये झालेल्या ‘सेफ’ चाचणीत, २००४ साली, अल्ब्युमिन आणि साधे सलाईन यांत मृत्यूच्या बाबतीत फरक आढळला नव्हता. केवळ रिपोर्टमधला आकडा वर यावा म्हणून ती चढवणे म्हणजे एखाद्या लहान शेतकऱ्याच्या घरातून हजारो रुपये आणि रक्तदात्यांकडून आलेली वस्तू एका कागदासाठी खर्च करणे.

तर अल्ब्युमिनची तपासणी बंद करावी का? अजिबात नाही. यकृताची ताकद, शस्त्रक्रियेचा धोका, डायलिसिसवरच्या रुग्णाची दर महिन्याची वाटचाल, कॅल्शियमचा आणि काही औषधांच्या पातळीचा अर्थ लावणे, या सगळ्यांसाठी ती हवीच. आकडा कमी आला तर शेजारी सीआरपी लिहावी. ती चढलेली असेल तर संसर्ग, गळू, क्षय, गाठ यांचा माग काढावा. सीआरपी शांत आणि अल्ब्युमिन तरी कमी, पायांवर सूज, असे असेल तर डाएट चार्ट लिहिण्याआधी लघवीत प्रथिने जातात का ते पाहावे. त्यासाठी लघवीत बुडवायची पट्टी पुरते, ती प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असायला हवी, आणि तिचे उत्तर मिनिटात मिळते. ती हिरवी झाली तर रुग्णाला मूत्रपिंडाच्या डॉक्टरकडे पाठवायचे असते. अशा रुग्णाच्या हाती पावडरचा डबा देणे म्हणजे गळक्या मूत्रपिंडावरचा भार वाढवून निदान काही महिने पुढे ढकलणे.